शाल घालण्याआधी मागचं इतिवृत्त वाचा

इंदूरमधल्या मराठी मंडळांचे, गणेशोत्सव समित्यांचे आणि रहवासी संघांचे अध्यक्ष, सचिव व कोषाध्यक्ष यांना,

स. न. वि. वि.

पत्र तुम्हाला आहे, नेत्यांना नाही. नेत्याला लिहिलेलं पत्र त्याचा पीए वाचतो, आणि उत्तर म्हणून दिवाळीला ‘हार्दिक शुभकामना’चा फलक आपल्याच चौकात लागतो. तुमचं तसं नाही. तुम्ही वर्गणीची पावती फाडायला माझ्या ओटल्यावर येता, चहा घेता, वार्षिक सभेत माझं बोलणं (कंटाळून का होईना) ऐकता. आणि ज्या मंचाबद्दल मला बोलायचंय, तो मंच तुमच्या ताब्यात आहे.

नगर निगमाची, म्हणजे महापालिकेची, मागची निवडणूक जुलै २०२२ मध्ये झाली. पुढची कधी येणार, याचा हिशेब आपल्यापेक्षा आपल्या पाहुण्यांनी आधी केलाय. म्हणून हल्ली प्रत्येक कार्यक्रमात एकाच घडणीचे प्रमुख पाहुणे दिसतात. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, मागे दहा-बारा पोरं, त्यातल्या एकाच्या हातात सतत उभा धरलेला मोबाइल. सुरुवातीला मराठीची दोन वाक्यं आणि देवी अहिल्याबाईंचा जयजयकार, मग थेट राग. नळाला येणारं घाण पाणी, खोदून ठेवलेले रस्ते, झोन ऑफिसमधला बाबू. आवाज चढतो, मूठ आपटते, आपण टाळ्या वाजवतो. भिया बोलला हो, असं एकमेकांना सांगत महाप्रसादाच्या रांगेत लागतो.

राग खोटा असतो असं मी म्हणत नाही. आपला तर मुळीच नसतो. ज्याच्या घरात नळातून गटाराचा वास येतो त्याला ‘शांतपणे विचार करा’ असं सांगणारा माणूस मला त्या पाहुण्यापेक्षाही नकोसा वाटतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आपला राग मंचावरून एकाच्या नावावर चढतो, आणि पुढे त्याचं काय झालं हे विचारायची सोय आपण ठेवत नाही.

आपल्या एका वसाहतीतली गोष्ट सांगतो. नाव मुद्दाम लिहीत नाही. ड्रेनेज फुटून पिण्याच्या पाण्यात मिसळत होतं. नेते आले. बायकांना मटकी आणायला सांगितली, चौकात फोडायला लावली. मग खिशातला फोन काढून स्पीकरवर टाकला आणि निगमाच्या उपयंत्र्याला, म्हणजे इंजिनिअरला, सगळ्यांच्या देखत झापलं: “जनता मेरे साथ खड़ी है, आधे घंटे में यहाँ दिखो.” तो बिचारा स्कूटरवरून आला, घाम पुसत उभा राहिला. त्याच्या हातात काही नव्हतं. पाइप बदलायचं काम ज्या ठेकेदाराला दिलं होतं त्याचं आधीचं बिल थकलं होतं, म्हणून त्याने खोदायला नकार दिला होता. बिल कुठे अडकलंय हे नेत्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर वरच्या मजल्यावर गेलं असतं, आणि वरच्या मजल्यावर त्यांचेच लोक बसतात. महापौरपद दोन दशकांहून जास्त काळ एकाच पक्षाकडे आहे. निगमाच्या दारात निगमाविरुद्ध ओरडणारा पुष्कळदा त्याच पक्षाचा निघतो. विरोधकांना हे जमत नाही असं नाही, त्यांना संधी कमी मिळते एवढंच.

त्याच गल्लीत एक काकू आहेत, निवृत्त शिक्षिका. त्यांनी १८१ वर तक्रार नोंदवली होती. सीएम हेल्पलाइनची तक्रार कशी चालते हे तुमच्यापैकी ज्यांनी लावली असेल त्यांना माहीत आहे. सगळ्यात खालच्या पातळीच्या, म्हणजे एल-वनच्या, अधिकाऱ्याने मुदतीत निकाल लावला नाही की ती एल-टूला जाते, असं करत एल-फोरपर्यंत. मधल्या काळात ‘काम हो गया मॅडम, शिकायत बंद कर दें?’ असे फोन येतात. हो म्हणालात की संपलं. नाही म्हणालात तर कधी ‘फोर्स क्लोज’, म्हणजे तुमच्या संमतीशिवाय बंद. काकू प्रत्येक फोनला नाही म्हणाल्या. बंद केलेली तक्रार पुन्हा नोंदवली, नळाच्या पाण्याची बाटली घेऊन झोनवर गेल्या, ठेकेदाराच्या थकलेल्या बिलाची माहिती त्यांनीच बाहेर काढली. लाइन बदलली गेली. त्यानंतर चौकात फलक लागला, त्यावर मटकी फोडण्याचा फोटो आणि ‘आभार’. गणपतीत शाल-श्रीफळ नेत्यांना. काकू तेव्हा आत मोदकांच्या पातेल्याशी होत्या. त्यांना बाहेर बोलवावं असं समितीतल्या एकालाही सुचलं नाही.

यात नेत्याचा फायदा काय, असं मला एकाने विचारलं. त्याने काय पाइपमध्ये पैसे खाल्ले? नाही. पैसे खाणं ही जुनी पद्धत झाली. चौकात जमलेली माणसं ही त्याची जमा. तो व्हिडिओ तो आपल्यासाठी काढत नाही. भोपाळमध्ये तिकीट वाटणाऱ्यांसाठी काढतो. ‘माझ्या मागे एवढी मराठी घरं आहेत’ हे दाखवायला त्याला आपला संताप लागतो, आपलं पाणी नाही. पाणी स्वच्छ झालं तर उलट पंचाईतच, पुढचा व्हिडिओ कशावर करणार? तिकीट मिळालं की पुढे काय होतं ते कागदावर दिसतं. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराला फॉर्म २६ मध्ये स्वतःच्या आणि बायकामुलांच्या मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनी ते भाग पाडलं, आणि आता उत्पन्नाचे स्रोतही सांगावे लागतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ती शपथपत्रं कुणालाही उघडून पाहता येतात. जो माणूस मंचावर ‘गरिबांचा आवाज’ म्हणून ओरडला त्याची लागोपाठ दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी शेजारी ठेवून पाहा. आपल्या कोषाध्यक्षांना हे काम आवडेल, ताळेबंद वाचायची त्यांना सवय आहे.

२६ जून २०१९ आठवतो? पावसाळ्याआधी मोडकळीला आलेलं एक घर पाडायला निगमाचे लोक गेले होते. इंदूर-३ चे तेव्हाचे भाजप आमदार आकाश विजयवर्गीय यांचा निगमाच्या अधिकाऱ्यासमोर हातात क्रिकेटची बॅट घेतलेला व्हिडिओ देशभर फिरला. ‘आवेदन, निवेदन और फिर दनादन’ हे वाक्यही त्याबरोबर फिरलं. २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं, तेव्हा त्या खटल्याबद्दल मला बोलायचं नाही. मला बोलायचंय ते आपल्याबद्दल. आपल्या घराघरांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या दिवशी किती अंगठे उठले ते मी पाहिलंय. ज्यांनी आयुष्यभर मुलांना ‘मोठ्यांशी उलट बोलू नये’ शिकवलं, तेही ‘बरं झालं, यांना अशीच भाषा कळते’ म्हणत होते. निगमाच्या बाबूवर प्रत्येकाचा काही ना काही जुना राग होता, तो त्या बॅटीतून वाजला. पंतप्रधानांनी नंतर आपल्या खासदारांच्या बैठकीत नाव न घेता कान उपटले तेव्हा हेच ग्रुप एकदम गप्प झाले.

आता त्याच्या शेजारी ३० मार्च २०२३ ठेवा. रामनवमी. स्नेहनगर-पटेलनगर भागातल्या बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात हवन चालू होतं, जुन्या बावडीवर, म्हणजे विहिरीवर, टाकलेला स्लॅब खचला आणि ३६ माणसं गेली. तिथल्या अनधिकृत बांधकामाबद्दल निगमाने आधी नोटीस दिली होती. धार्मिक भावना दुखावतील, असं उत्तर आलं आणि कारवाई थांबली. माणसं गेल्यावर काही दिवसांतच बुलडोझर आला. नोटीस ही फार नीरस वस्तू आहे. तिच्यावर कुणी टाळी वाजवत नाही, आणि नोटीस घेऊन येणाऱ्याला पिटाळून लावणारा मात्र हिरो ठरतो. दोन्ही घटना आपल्या एकाच शहरातल्या, चार वर्षांच्या आतल्या. निगमाचा बाबू लाचखाऊ असतो हे खरं, आणि कधीकधी तोच बाबू बरोबर असतो हेही. रागाच्या भरात हा फरक करायला सवड नसते, आणि ती सवड आपल्याला मिळू नये याची काळजी मंचावरचा माणूस घेतो.

तुम्ही म्हणाल, मग काय गप्प बसायचं? इंदूर कधी गप्प बसलेलं नाही, आणि हेच आपण विसरलोय. आज आपण ज्या नळाच्या पाण्यावरून चिडतो ते नर्मदेचं पाणी इंदूरला रागातूनच मिळालंय. १९७० मध्ये शहरात पाण्याची बोंब होती. नर्मदा सत्तर किलोमीटरवर, तीही खाली, आणि मधे घाट. एवढं पाणी वर चढवणं परवडणार नाही, असं सरकारी मत. त्या वर्षी पावसाळ्यात हे शहर रस्त्यावर आलं. इथली व्याख्यानमाला चालवणाऱ्या अभ्यास मंडळाची मंडळी, मुकुंद कुलकर्णी, विद्यार्थी, व्यापारी, कामगार, वेगवेगळ्या पक्षांचे लोक. श्यामाचरण शुक्ल मुख्यमंत्री होते. त्यांच्या सरकारला योजनेला हो म्हणावं लागलं. १९७८ मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून पाणी आलं.

या आंदोलनाविषयी वडीलधाऱ्यांकडून मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यात कुणा एकाचा जयजयकार ऐकल्याचं मला आठवत नाही. ऐकलं ते असं की नर्मदेचं पाणी किती उंचीवर चढवायचं, किती टप्पे लागतील, वीज किती लागेल याचे आकडे मोर्चात चालणाऱ्या माणसालाही पाठ होते. आकडा पाठ असलेल्या माणसाला कुणी सहज फिरवू शकत नाही. आणि सरकारने हो म्हणाल्यावर लोक घरी जाऊन झोपले असते तर आठ वर्षांनी पाणी आलं नसतं. मधली आठ वर्षं कुणीतरी फाइलच्या मागे होतं. अभ्यास मंडळाची व्याख्यानमाला त्यानंतरही चालू राहिली. त्यातले वक्ते कधी कंटाळवाणे असतात हे मान्य. पण तिथे बोलून झाल्यावर प्रश्न विचारता येतात. आपल्या मंचावर प्रश्न विचारायची वेळ आली की ऑर्केस्ट्रा सुरू होतो.

गिरणगावातल्या मंडळांना तर हे मी काय सांगावं. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली. जवळपास सहा हजार कामगारांची देणी अडकली. त्या गेटसमोर किती जणांनी भाषणं केली असतील! प्रत्येक निवडणुकीत ‘मिल के मजदूरों का हक’ हा मुद्दा होता, प्रत्येक निवडणुकीनंतर तो होता तिथेच. २२४ कोटी रुपये कामगारांना मिळायला २५ डिसेंबर २०२३ उजाडला. बत्तीस वर्षं. अनेकांच्या बायकांनी किंवा नातवांनी ते पैसे घेतले. या बत्तीस वर्षांत प्रकरण जिवंत ठेवलं ते हायकोर्टाच्या तारखांनी, आणि त्या तारखांना जाणाऱ्या, गेटवरच्या बैठका मोडू न देणाऱ्या म्हाताऱ्या कामगारांनी. त्यांचे फलक कुठेही नाहीत. अनंत चतुर्दशीला मिलच्या झाँक्या (चित्ररथ) निघतात तेव्हा त्यांतले काही अजूनही रात्रभर जागतात.

याच गिरण्यांनी होमी दाजींनाही मोठं केलं. १९५७ मध्ये विधानसभेत, १९६२ मध्ये लोकसभेत. कम्युनिस्ट माणूस, आपल्यापैकी बहुतेकांची मतं त्यांच्याशी जुळणार नाहीत, माझीही सगळी जुळत नाहीत. राग त्यांच्याही भाषणात होता, आणि भाषण असं की गेट सुटल्यावर घरी निघालेला कामगार उभा राहायचा. म्हणजे वक्तृत्व आणि मोठी गर्दी हा दोष नव्हे. दाजी २००९ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या मागे राहिलेली संपत्ती हा शहरात चर्चेचा विषय झाला नाही, कारण चर्चा करण्याएवढी ती नव्हती. दुसऱ्या टोकाला आपल्या ताई. सुमित्राताई महाजन १९८९ पासून सलग आठ वेळा इथून निवडून आल्या, पुढे लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्या कामावर टीका करणारे मराठी घरात कमी नाहीत, पण मूठ आपटून त्यांनी मतं मागितली असं त्यांचे विरोधकही म्हणणार नाहीत. मराठी मताला रागावल्याशिवाय किंमत नाही, हे कुणी आपल्या गळी उतरवलं?

२०२४ ची लोकसभाही आठवा. काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला आणि ते भाजपमध्ये गेले. चिडलेल्या २,१८,६७४ मतदारांनी नोटा दाबला. देशातला विक्रम. विजयी उमेदवार पावणेबारा लाखांच्या फरकाने निवडून आले. नोटा दाबणाऱ्यांमध्ये आपलीही माणसं होती, त्यांना चार दिवस बरं वाटलं. नोटा जिंकत नाही, हरतही नाही. कायद्याने त्याचा परिणाम शून्य. दोन लाखांहून जास्त रागावलेली माणसं, आणि निकालानंतर त्यांची एखादी सभा झाल्याचं किंवा एखादं मागणीपत्र निघाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता माझी मागणी. ती फार साधी आहे आणि तुम्हाला अडचणीची वाटेल.

प्रत्येक मंडळाकडे इतिवृत्ताची वही असते. त्यात ‘मा. अतिथींनी समयोचित मार्गदर्शन केले’ एवढंच लिहिलेलं असतं. यापुढे तसं लिहू नका. तारीख, नाव, आणि पाहुणा मंचावरून जे म्हणाला ते शब्दशः लिहा. ‘तीन महिन्यांत ही पाण्याची लाइन बदलून दाखवतो, नाहीतर राजीनामा’, असं म्हणाला तर असंच. खाली सचिवांची सही. पुढच्या वर्षी तोच पाहुणा आला की शाल घालण्याआधी, माइकवरून, मागच्या वर्षीची नोंद वाचून दाखवा. भांडायचं नाही, टोमणा मारायचा नाही. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचणं ही सभेची रीतच आहे. ज्याने काम केलं असेल त्याचं यात भलंच होईल, त्याला त्या दिवशीच्या टाळ्या खऱ्या मिळतील. बाकीच्यांना पुढच्या वर्षी दुसरं मंडळ शोधावं लागेल. म्हणून हे एकट्या-दुकट्या मंडळाने करून चालणार नाही. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग, सुदामानगर, जितकी मंडळं असतील तितक्यांनी करायला हवं.

आणि पाहुण्याने कुणा अधिकाऱ्याला मंचावरून स्पीकरवर फोन लावला तर माइक बंद करा. निगमाच्या उपयंत्र्याची इज्जत आपल्या गणपतीसमोर काढायची गरज नाही. त्याच्याकडून उत्तर हवं असेल तर त्याला बोलवा, खुर्ची द्या, विचारा बिल कुठे अडकलंय. येणार नाही म्हणता? बोलावून तर पाहा. अहिल्याबाई रोज दरबारात बसून गाऱ्हाणी ऐकत, हे त्यांच्या पुण्यतिथीला आपण हमखास सांगतो. गाऱ्हाणं ऐकण्यात सगळ्यात कंटाळवाणा भाग कागद पाहण्याचा असतो, तो मात्र आपण भाषणात गाळतो.

पैशांचं मी विसरलेलो नाही. मांडव, दिवे, साउंड, महाप्रसाद. मुलं पुण्या-बंगळूरला, घरं बंद, वर्गणी देणारे कमी झालेत, आणि पाहुणा एका फटक्यात मांडवाचं बिल देतो. कोषाध्यक्षांची तारांबळ मी पाहिली आहे, म्हणून त्यांच्यावर आरोप करत नाही. पण ते बिल त्याने दिलं की पडद्यावर फोटो त्याचा येतो, आणि फोटो आला की वही वाचणार कोण? कमान लावू नका. साउंड निम्मा करा, शेजारचे म्हातारे दुवा देतील. एक दिवस महाप्रसादाऐवजी पोहे ठेवा, इंदूरमध्ये पोह्यांना कुणी नाक मुरडणार नाही. तरीही देणगी घ्यायचीच असेल तर पावती फाडून घ्या, रक्कम सूचना फलकावर लावा, आणि देणगीदाराला त्या वर्षी माइक देऊ नका.

येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा अशी माझी लेखी विनंती आहे. हेच पत्र ती विनंती समजावी. आमच्या मंडळात ठराव मी मांडतो. अनुमोदन द्यायला त्या काकू तयार आहेत, त्यांनी तसं सांगितलंय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वर्गणीदार सभासद, इंदूर

ता. क. — नोंद शब्दशः करायला कुणी तयार नसेल तर मला बोलवा. कोर्टात लघुलेखक म्हणून नोकरी झाली आहे. वक्ता कितीही जोरात बोलला तरी माझा हात पुरतो.